‘जेवलास का?’च्या पुढचं बोला!

साखरपुडा झाला की दोन गोष्टी सुरू होतात. मोठ्यांची हॉलसाठी शोधाशोध आणि त्या दोघांचे रात्रीचे फोन. माझ्या आत्येबहिणीचंही तसंच झालं. ताई कोल्हापुरात राज्य सरकारच्या नोकरीत, तर होणारे दाजी बंगळूरुत आयटीत. मध्ये साधारण सहाशे किलोमीटरचा हायवे आणि बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत रात्रभर धावणारी स्लीपर बस. साखरपुडा डिसेंबरात, लग्न मे महिन्यात. मधले पाच महिने सगळं काही मोबाइलवर!

रोज रात्री दहाला फोन वाजायचा. ‘जेवलास का?’पासून सुरुवात. मग ऑफिसमधल्या गमती, रील्स, शेरवानी की जोधपुरी, मेहंदीला गाणी कुठली... तास कसा जायचा कळायचंच नाही. यांचं बोलायचं आता काही शिल्लकच नसेल, असं आम्हाला वाटायचं.

फेब्रुवारीत एका रात्री दाजींनी बंगळूरुमधल्या एका फ्लॅटचे फोटो पाठवले. टू बीएचके, मोठी बाल्कनी. ‘टोकन देऊन टाकू का?’ ताई गप्प. मग म्हणाली, ‘आणि माझी नोकरी?’

तिची नोकरी राज्य सरकारची. बदली झाली तरी महाराष्ट्रातच होणार. चार वर्षं अभ्यासिकेत बसून, दोनदा नापास होऊन तिने ती मिळवलेली. दाजींना वाटत होतं, लग्न झालं की ती इकडे येईल, इथे काहीतरी बघेल. ताईला वाटत होतं, आयटीवाल्याला काय, पुण्यातही नोकरी मिळेल, तोच येईल. दोघांनीही मनात पक्कं धरलेलं, पण उच्चारलं कुणीच नव्हतं. पुढचे तीन दिवस दहाचा फोन वाजला नाही.

शनिवारी सकाळी दाजी थेट कोल्हापुरात हजर. संध्याकाळी दोघं रंकाळ्यावर निघाली आणि आत्याने सोबतीला मला पाठवलं. माझं लक्ष भेळेवर, कान मात्र तिकडे. ताईने पर्समधून वही काढली. म्हणाली, ‘सगळे म्हणतात, लग्नानंतर होईल अ‍ॅडजस्ट. होईल रे, पण कोण होणार ते आधी ठरवू.’

वहीत पाच प्रश्न होते. राहायचं कुठे? पैशांचं काय? घरकाम कोण करणार? दोन्हीकडच्या आई-वडिलांचं काय? आडनाव बदलायचं का? आडनावाचा विषय दोन मिनिटांत संपला. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही, हे तिला माहीत होतं आणि दाजींची हरकत नव्हती. पैशांवर जास्त वेळ गेला. दाजींच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, हे ताईला त्या दिवशी कळलं. धाकट्या भावाच्या फीसाठी ती दरमहा घरी पैसे देते आणि लग्नानंतरही देणार, हे दाजींना तेव्हाच समजलं. घरकामावर दाजी म्हणाले, ‘मी शिकेन.’ ताई म्हणाली, ‘कधीपासून, ते सांग!’

शेवटी ठरलं असं : बंगळूरुचा फ्लॅट नाही. लग्नानंतर वर्षभर ताई कोल्हापुरातच राहणार. दाजी पुण्यात नोकरी शोधणार, ताई पुण्याला बदली मागणार. वर्षात जमलं नाही, तर वही पुन्हा उघडायची. सगळं सुटलंय असं नाही. ‘सून इथे नि मुलगा तिथे, हे कसलं लग्न?’ असं दाजींची आई अजूनही म्हणते. पण आता तिला उत्तर द्यायला दोघं एकत्र बसतात.

आपल्यापैकी बरेच जण आज ना उद्या याच फेऱ्यात सापडणार आहेत. एक पुण्यात, दुसरा नागपुरात नाहीतर परदेशात. लांब असलं की भांडण नको म्हणून आपण गोड गोड तेवढंच बोलतो. त्यापेक्षा आठवड्यातला एक फोन अवघड प्रश्नांसाठी ठेवा. पगार, कर्ज, घरच्या जबाबदाऱ्या मोकळेपणाने सांगा. नोंदणी पद्धतीने लग्न करणार असाल, तर तारीख धरण्याआधी हिशोब करा. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस द्यायच्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं त्याआधी किमान ३० दिवस वास्तव्य असावं लागतं. सुट्टी काढून दोन दिवसांत उरकण्याचं हे काम नाही.

ताईचा दहाचा फोन पुन्हा सुरू झालाय. पहिला प्रश्न तोच, ‘जेवलास का?’ कालचं उत्तर मात्र नवीन होतं, ‘जेवलो. चपात्या विकतच्या, भाजी मी केली. मीठ जरा जास्त झालंय.’