झाकलेली बाटली आणि जुनी वाइन

किद्दूशसाठी काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून केलेले शरबत आपल्या बेने इस्राएल समाजात किती पिढ्या चालत आले, हे वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. कोकणातील खेड्यांत कोशेर वाइन मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे किद्दूशचा पेला म्हणजे गोड पेला, अशीच आपल्या जिभेची समजूत झाली आणि इस्राएलमध्ये आल्यावरही पुष्कळ घरांत शब्बाथच्या मेजावर गोड लाल वाइनच राहिली. आता सुना, जावई आणि नातवंडे कोरडी वाइन आणतात, तिच्या सालाची व प्रदेशाची चर्चा करतात; आणि वडीलधारी मंडळी ‘आम्हांला त्यातले काय कळते?’ असे म्हणून पेला बाजूला सारतात. ही समजूत कितपत खरी आहे, ते पडताळून पाहावे, या हेतूने आम्ही सहा स्नेह्यांनी गेल्या हिवाळ्यात निरनिराळ्या प्रदेशांतील जुन्या लाल वाइन बाटल्या झाकून चाखल्या.

बाटल्या झाकण्याचे प्रयोजन काय? उत्तरपत्रिका तपासताना विद्यार्थ्याचे नाव दुमडून ठेवतात, तेच. नाव दिसले की गुण बदलतात. बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या 54 जणांना पांढऱ्या वाइनमध्ये निर्गंध लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग 2001 साली प्रसिद्ध झाला. त्याहून गाजलेला प्रसंग 24 मे 1976 चा. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या नामवंत वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या. लाल वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची 1973 ची. ‘ठीक आहे, पण त्यांची वाइन टिकणार नाही,’ असा आक्षेप पुढे घेतला गेला. बरोबर तीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचेच आले. बाहेरच्या चिठ्ठीवरून आतल्या जिनसाची परीक्षा केली म्हणजे काय होते, हे 1964 साल पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना आम्ही काय सांगावे!

आमच्या यजमानांनी सहा बाटल्या वर्तमानपत्रात मानेपर्यंत गुंडाळल्या होत्या. मानेपर्यंत यासाठी की, बाटलीच्या खांद्यांच्या आकारावरूनही जाणकार अंदाज बांधतात. जुन्या वाइनमध्ये तळाशी गाळ बसतो, म्हणून बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या होत्या. अशा बैठकींत थुंकण्यासाठी भांडे ठेवण्याचा प्रघात आहे. येथे ते नव्हते. एक बाटली 2008 ची, म्हणजे शमिता वर्षातील होती, आणि शमितेचे फळ वाया घालवू नये असा दंडक आहे. फक्त तिच्याच वेळी भांडे उचलले असते तर गुपित फुटले असते! त्यामुळे पेल्यात दोन-दोन घोटच ओतले.

बेराखाचा विचारही आधीच झाला होता. पहिल्या पेल्यावर ‘बोरे पेरी हागेफेन’ म्हटल्यानंतर सोबत्यांसह पीत असता दुसरी वाइन आली, तर ‘हाटोव वेहामेटीव’ म्हणावे, असे शुल्हान आरूख सांगतो. दुसरी अधिक चांगली आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. ती हलकी आहे हे ठाऊक नसले म्हणजे पुरे. झाकलेल्या बाटलीला हा नियम किती चपखल बसतो! मात्र सर्व बाटल्या आरंभीच मेजावर असल्या तर तो लागू होत नाही, म्हणून त्या आतल्या खोलीतून एकेक करून आल्या.

वाइन जुनी होते म्हणजे नेमके काय होते? द्राक्षांच्या सालींतून व बियांतून टॅनिन उतरते; हिरड्यात जो तुरटपणा असतो तोच. वर्षे जातात तसे टॅनिनचे व रंगाचे कण एकमेकांस जोडले जाऊन जड होतात आणि काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मवाळ होतो, जांभळी छटा जाऊन विटकरी येते, ताज्या फळाचा वास मागे सरून सुकामेवा, तंबाखू, ओली माती असे वास पुढे येतात.

वासांच्या बाबतीत आमची एक अडचण होती. वाइनच्या पुस्तकांत ज्या फळांची नावे असतात, त्यांतील निम्मी आपण लहानपणी कधी हुंगलेली नाहीत. तेव्हा आम्ही आपलेच शब्द वापरले. गोलानच्या 2007 च्या पेल्यात जांभूळ आणि काळी मिरी सापडली, रंगही अजून गडद होता. तेथील द्राक्षमळे बाराशे मीटरपर्यंत उंच चढलेले आहेत आणि रात्रीच्या थंडीने फळाचा आंबटपणा टिकून राहतो. गालीलची 2009 ची वाइन नीटस होती, अधिक काही नाही. ज्या पेल्यात पानदान उघडल्यासारखा वास होता, तो चौघांनी फ्रान्सचा ठरवला. निघाला यरुशलेमजवळच्या टेकड्यांतील 2008 चा. खरी बोर्दो, 2005 ची, त्याच चौघांना गोलानची वाटली.

आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ, सत्तरी ओलांडलेल्या मावशींनी जन्मभर मनुकांचे शरबत केले आहे. पाचवा पेला हुंगून त्या म्हणाल्या, “ही द्राक्षे वेलीवरच थोडी सुकली होती. उन्हाळ्या मुलखातली आहे.” कागद काढला तर नेगेवची, 2010 ची. सहावा पेला त्यांनी ओठांना लावलाच नाही. “मनुकांचे पाणी नासले की असा वास येतो,” एवढेच बोलून त्यांनी तो खाली ठेवला.

ती बाटली एका मित्राची होती. मुलगा 1996 साली जन्मला तेव्हा त्यांनी एकसारख्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. दुसरी येत्या उन्हाळ्यात त्याच्या लग्नात उघडायची होती. दोन्ही इतकी वर्षे स्वयंपाकघरातील कपाटावर उभ्या होत्या. मित्र काही वेळ काही बोलले नाहीत. मग मावशी म्हणाल्या, “बाबा, मांडवात उघडण्यापेक्षा आज उघडलीस ते बरे. लग्नात मुलाला ती 2008 ची दे.”

अशा बाटल्या आपल्या अनेक घरांत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिले. जुनी ती चांगली हा नियम थोड्याच वाइनना लागू पडतो. बहुतेक वाइन चार-पाच वर्षांत प्यायच्या असतात. जी ठेवायची ती बारा ते चौदा अंश तापमानात, अंधारात, बूच ओले राहील अशी आडवी ठेवावी. फ्रिजच्या माथ्यावरची उष्णता आणि इस्राएलचा उन्हाळा यांपुढे कोणतेही नाव टिकत नाही.

पुढील बैठक पेसाहानंतर भरेल. ज्यांच्याकडे कपाटावर, फ्रिजवर किंवा काचेच्या शोकेसमध्ये एखादी बाटली वाट पाहत असेल, त्यांनी ती घेऊन यावे. आदल्या दिवशी मात्र उभी करून ठेवावी.