‘हबशी’ म्हणजे कोण?

आपल्या घरांत ‘हबशी’ हा शब्द अजूनही रंगावरून टोमणा मारायला वापरला जातो. उन्हात खेळून आलेल्या पोराला आई तो सहज बोलून जाते. मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू असली की हाच शब्द हळू आवाजात, पण जिव्हारी लागेल असा उच्चारला जातो. शिरूर कासार असो की बीड की नगर, घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्या समाजाला एवढं तरी ठाऊक हवं की ही शिवी नाही, हा एका मुलखाचा पत्ता आहे. हबशा म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपासचा प्रदेश. मक्केत छळ वाढला तेव्हा प्रेषितांनी (स.) पहिल्या मुसलमानांना तिकडेच पाठवलं. तिथल्या नजाशी राजाने त्यांना आसरा दिला आणि त्यांना परत मागायला आलेल्या कुरैशच्या माणसांना रिकाम्या हातांनी धाडलं. पहिली अजान देणारे हजरत बिलाल (रजि.) हबशीच. त्यांच्या नावाने आपले डोळे भरून येतात, मग सून शोधताना काळा रंग का खुपतो?

हबशांची गोष्ट शोधायला मक्केपर्यंत जायचीही गरज नाही. शिरूर कासारहून पाथर्डीमार्गे नगरकडे गेलं की नगरच्या अलीकडेच भातवडीचा परिसर येतो. 1624 साली मोगल आणि आदिलशाही फौजा इथे एकत्र चालून आल्या होत्या. समोर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर होता. त्याने तळ्याचं पाणी सोडून शत्रूचा तळ चिखलात अडकवला आणि लढाई जिंकली. त्याच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढले, त्यांचे भाऊ शरीफजी याच रणात पडले.

अंबर जन्मला 1548 च्या सुमारास, इथिओपियात. त्याचं मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बाजारामागून बाजार पाहत बगदादला पोचला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि ‘अंबर’ हे नाव दिलं. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही हबशीच, एकेकाळचा गुलाम. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, तेव्हा याच माणसाने घराण्यातल्या मुर्तजाला गादीवर बसवून परांड्याहून राज्य पुन्हा उभं केलं. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. पुढे तीच औरंगाबाद झाली, आता छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून पाणी आणणारी त्याची नहर त्या काळातलं मोठं काम होतं. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धतही पुढच्या राज्यकर्त्यांना उपयोगी पडली.

1619 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसं जहाजातून उतरवून विकली गेली. त्याच वर्षी दख्खनमध्ये विकला गेलेला एक आफ्रिकी राज्य चालवत होता. म्हणून आपली गुलामी बरी होती असं म्हणायचं नाही. आईबापांपासून तोडलेलं पोर ते पोरच. फरक एवढाच की इथे गुलामाच्या पोटी जन्मलेला कायम गुलामच राहील, असा नियम नव्हता.

समुद्राकाठी दुसरी शाखा वाढली. मुरुडसमोरचा जंजिरा सिद्दी घराण्याकडे 1948 पर्यंत होता. मराठ्यांशी त्यांची झुंज इतकी लांबली की ‘सिद्दी’ म्हटलं की आपल्याकडे फक्त शत्रू आठवतो. साधे सिद्दी मात्र किल्ल्याबाहेरच होते. गीरजवळच्या जांबूरला, भरूच भागात रतनपूरच्या बावा गोरांच्या दर्ग्याभोवती, कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलात. गुजरातचे बहुतेक मुसलमान. कर्नाटकात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही आहेत, आणि तिघांचंही आडनाव सिद्दीच. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला. गुजरातेत मात्र तो सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांपुरता आहे. म्हणजे एकाच मुळाच्या माणसांना जिल्ह्याची हद्द ओलांडली की कागदावर वेगळी ओळख. एकी करायची तर सुरुवात अशा कागदांपासून करावी लागेल. जांबूरच्या हिराबाई लोबी यांनी आपल्या वस्तीतल्या बायकांना बचतीची आणि मुलांना शाळेची वाट दाखवली. त्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

जगभर विखुरलेले आफ्रिकी आता एकमेकांना शोधत आहेत. 1619 ला चारशे वर्षं झाली म्हणून घानाने 2019 मध्ये परदेशी पांगलेल्या वंशजांना घरी बोलावलं. न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्राने 2013 मध्ये भारतातल्या आफ्रिकींवर प्रदर्शन भरवलं, त्यात मलिक अंबरही होता. तिकडच्या लेकरांनी त्याला आपला म्हणून पाहिलं. आपल्याकडे मात्र पूर्वज सांगताना पहिला मान अरबस्तान, इराणला. आफ्रिकेचं नाव कुणी स्वतःहून घेत नाही.

1626 मध्ये अंबर वारला. खुलताबादला जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याजवळ त्याचा मकबरा आहे, बाजूला त्याची बीबी करीमा हिचा. उरुसाला किंवा जियारतीला आपली कुटुंबं खुलताबादला जातातच. मुलांना हे दोन घुमटही दाखवा आणि आत कोण झोपलंय ते सांगा.