स्थानबद्धतेचा कायदा आणि प्रा. मधु दंडवते

प्रस्तावना

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला विनाचौकशी स्थानबद्धतेचा परिचय जुना आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना भारत संरक्षण नियमांखाली अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता आणि सुटकेची तारीखही नव्हती. याच अहमदनगरात २१ जानेवारी १९२४ रोजी जन्मलेले प्रा. मधु दंडवते यांच्या वाट्याला स्वतंत्र भारतात तसाच तुरुंगवास आला. रेल्वेमंत्री आणि अर्थमंत्री म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्यांच्या स्थानबद्धतेचा कायदेशीर आशय मात्र तुलनेने कमी अभ्यासला जातो.

मिसा कायद्याची घडण

प्रतिबंधक स्थानबद्धतेला राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच स्थान आहे. १९५० चे पहिले प्रतिबंधक स्थानबद्धता विधेयक संसदेत मांडणारे गृहमंत्री सरदार पटेल हे स्वतः अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदी होते, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. तो कायदा १९६९ अखेर संपुष्टात आला आणि १९७१ मध्ये अंतर्गत सुरक्षा कायदा, अर्थात 'मिसा', अस्तित्वात आला. मूळ मिसामध्ये काही मर्यादा होत्या. स्थानबद्धतेची कारणे बंदीला सामान्यतः ५ दिवसांत कळवावी लागत आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावे लागे.

२५ जून १९७५ च्या आणीबाणीनंतर या मर्यादा राहिल्या नाहीत. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. २९ जूनच्या वटहुकुमाने मिसामध्ये '१६ अ' हे कलम घातले गेले. आणीबाणीचा परिणामकारक मुकाबला करण्यासाठी स्थानबद्धता आवश्यक आहे, असे शासनाने घोषित केले की कारणे सांगण्याचे बंधन उरत नसे आणि सल्लागार मंडळाची गरजही उरत नसे. दर चार महिन्यांनी फेरविचार होई, पण तो करणारे शासनच. पुढे स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापासूनही गोपनीय ठरविण्यात आली. कायदा मोडून माणसांना डांबले गेले, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. डांबण्याला अडसर ठरू नये अशा रीतीने कायदाच बदलण्यात आला होता.

एका खासदाराची स्थानबद्धता

दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापन करीत. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांचा सहभाग होता. १९७१ मध्ये कोकणातील राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. जून १९७५ मध्ये पक्षांतरविषयक विधेयकाचा विचार करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूर येथे गेले होते. तेथेच २६ जून रोजी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना अटक झाली. संसदेचेच काम करण्यास निघालेला सदस्य संसदेबाहेर, तुरुंगात जाऊन पडला. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते यांना येरवडा कारागृहात ठेवण्यात आले. पतिपत्नींचा संवाद दोन तुरुंगांमधील पत्रांपुरता उरला आणि ही पत्रेही तपासणीतून जात.

विरोधी सदस्य बंदिवासात असतानाच जुलै-ऑगस्ट १९७५ च्या अधिवेशनात ३८ वी व ३९ वी घटनादुरुस्ती संमत झाली. पहिलीने आणीबाणीची घोषणा न्यायालयीन तपासणीपासून मुक्त केली, तर दुसरीने मिसाचा समावेश नवव्या परिशिष्टात केला. सदस्यांना अडकवून घेतलेले अधिवेशन वैध कसे, हा प्रश्न राजनारायण खटल्यात उपस्थित झाला होता. ७ नोव्हेंबर १९७५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप मान्य केला नाही. राजापूरच्या मतदारांचे प्रतिनिधित्व या काळात कोणी केले, याचे उत्तर त्या निर्णयात मिळत नाही.

बंदीप्रत्यक्षीकरणाचा प्रश्न

बंगळूरच्या चौघा बंदींनी कर्नाटक उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. असे अर्ज चालू शकतात, असे मत अनेक उच्च न्यायालयांनी दिले. त्याविरुद्धची अपिले जबलपूर प्रकरणासह एकत्र ऐकली गेली. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी जीविताच्या हक्काविषयी विचारले, तेव्हा पोलिसाने बेकायदेशीरपणे एखाद्याचा प्राण घेतला तरी आणीबाणीत दाद मागता येणार नाही, असे महान्यायवादी निरेन डे यांना मान्य करावे लागले. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी ४ विरुद्ध १ मतांनी निकाल शासनाच्या बाजूने लागला. एकट्या न्या. खन्ना यांचे मत भिन्न होते. पुढे ज्येष्ठता डावलली गेल्याने त्यांनी राजीनामा दिला. शहा आयोगाच्या अहवालानुसार आणीबाणीत देशभर मिसाखाली ३४,९८८ व्यक्ती स्थानबद्ध झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय पुट्टस्वामी खटल्यात रद्दबातल ठरविला, पण तोवर २०१७ साल उजाडले होते.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

मार्च १९७७ मध्ये राजापूरने दंडवते यांना पुन्हा निवडून दिले आणि ते मोरारजी देसाई मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले. याच शासनाच्या काळात १९७८ मध्ये मिसा रद्द झाला. ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' या शब्दांच्या जागी 'सशस्त्र बंड' हे शब्द आले आणि अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, असे ठरले. त्याच घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती. मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने व्हावी, अशीही त्यात तरतूद होती. हे कलम केंद्राने अधिसूचना काढल्यावरच लागू व्हायचे होते. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला व तो आजही अमलात आहे. दंडवते १२ नोव्हेंबर २००५ रोजी निवर्तले. तिसऱ्या कलमाची अधिसूचना मात्र अद्याप निघालेली नाही.