थंडीच्या रात्री पाखरांना आडोसा

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. शहराच्या नोंदींतला तो नीचांक. उन्हाळ्यात पाखरांसाठी गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवणारे नागपूरकर पुष्कळ आहेत. थंडीच्या रात्रींचा विचारही आपण तितक्याच आस्थेने करायला हवा.

पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० अंशांच्या आसपास असतं. चिमणीचं वजन मात्र जेमतेम २५ ते ३० ग्रॅम. देह जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त आणि उष्णताही तितकीच झपाट्याने निघून जाते. म्हणून चिमणी पिसं फुलवून अंगालगत हवा कोंडून ठेवते. हीच तिची दुलई. वारा पिसांत शिरला की ही ऊब जाते आणि दिवसभरात साठवलेली चरबी रात्रीत भराभर जळते.

वारा चुकवण्याची प्रत्येकाची रीत निराळी. सातभाई आणि वेडे राघू फांदीवर अंगाला अंग भिडवून झोपतात. मुनिया घरट्यांत शिरतात, तर चिमण्या दाट झुडपांत आणि वळचणीला रात्र काढतात. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात १९६९च्या हिवाळ्यात पक्ष्यांसाठी ठेवलेल्या एकाच पेटीत रेन जातीचे ६१ पक्षी दाटीवाटीने शिरल्याची नोंद आहे.

आपल्याला काय करता येईल? बोगनवेल, मेंदी, मधुमालती, लिंबू अशी दाट झाडं अंगणात राखावीत. थंडी ओसरेपर्यंत त्यांची छाटणी टाळावी आणि नंतरही आत घरटं नाही ना, हे पाहूनच कात्री लावावी. चिमण्यांसाठी लाकडी पेटी टांगायची तर तिचं भोक साधारण ३२ मिलिमीटरचं असावं. विदर्भात गार वारे उत्तरेकडून येतात, त्यामुळे पेटीचं तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला करावं. पत्र्याची पेटी नको. पत्रा रात्री लवकर गार पडतो. पेटी मांजराच्या आवाक्याबाहेर, हलणार नाही अशी घट्ट बसवावी.

दाणे मावळतीच्या तासभर आधी टाकावेत. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी उत्तम. खारी शेव किंवा फरसाण मुळीच नको. मावळतीच्या या शेवटच्या घासाच्या आधारानेही पाखराला पहाटेपर्यंत तग धरायचा असतो.

पेटी जमली नाही तरी हरकत नाही. यंदाच्या हिवाळ्यात अंगणातलं एक दाट झुडूप तरी न छाटता राहू द्या.