शेगडीची कॉइल बदलायचं काम सुरू करताय? आधी मीटर घ्या

कॉइलचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, वेपची कॉइल बनवायला शिकवा, त्यात पैसा आहे." नाही शिकवणार. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तापणाऱ्या तारेचं जे शास्त्र तिथे आहे तेच आपल्या विजेच्या शेगडीत आहे, आणि ते काम राजरोस करता येतं.

आपल्या एकलहऱ्याच्या थर्मलचा २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर २००० वॅटच्या एक लाख पाच हजार शेगड्या तापतील! पण गिऱ्हाईकाला त्याचं काय, त्याची एक शेगडी तापत नाहीये.

ही तार निक्रोमची, म्हणजे मुख्यतः निकेल आणि क्रोमियम. तापल्यावर तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो, म्हणून लालभडक होऊनही ती लवकर जळत नाही.

आता गणित, आणि हे पाठच करा. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट म्हणजे ओहम. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००. त्याला २००० ने भागलं की साधारण २६.५ ओहम. १००० वॅटची कॉइल असेल तर ५३. नवी कॉइल बसवायच्या आधी मीटर लावा. थंड कॉइल एक-दोन ओहम कमी दाखवते, तेवढं चालतं. त्याहून बराच फरक असेल तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, ती बसवू नका.

इथेच बरेच जण फसतात. कॉइल तुटली की जळका तुकडा कापायचा, उरलेली टोकं पिळायची, झालं काम. पण दहा टक्के तार गेली तर ओहम २४ च्या खाली येतात आणि २००० ची शेगडी २२०० च्या वर वीज ओढते. शिवाय पिळलेला जोड सैल पडला की तिथेच ठिणगी, तिथेच पुन्हा तुटणार. गिऱ्हाईक परत येतं ते भांडायलाच. जुनी तार ठिसूळही झालेली असते, ओढली की कडकन मोडते. पूर्ण कॉइलच बदला आणि तसे पैसे सांगा.

बसवताना सुतळी खाचेतून फिरवा, तिची लांबी मोजा आणि कॉइल हळूहळू, सगळीकडे सारखी, तेवढीच ताणा. एका जागी वेढे चिकटून राहिले की ती जागा जास्त लाल होते आणि आधी तिथेच जळते. टोकांचे स्क्रू घट्ट हवेत, नाहीतर टर्मिनल काळं पडतं.

कॉइल चांगली, जोड घट्ट, तरी "पहिल्यासारखी तापत नाही" अशी तक्रार आली तर त्यांच्या घरचं व्होल्टेज विचारा. २१० वर तीच कॉइल साधारण १६७० वॅटच देते. त्यात तुमचा दोष नाही, पण समजावून सांगावं लागतं.

शेवटची तपासणी मात्र कधीच चुकवू नका. प्लग काढलेला असताना मीटरचं एक टोक कॉइलला, दुसरं पत्र्याच्या बॉडीला लावा. काहीच दाखवता कामा नये. थोडा जरी आकडा आला तर उतू गेलेलं दूध किंवा ओल शोधा, आणि अर्थिंगची तार बॉडीला पक्की आहे ना तेही बघा.

शेगडी हातात देताना विचारा, घरी कुठल्या सॉकेटला लावणार? २००० वॅटला पावणेनऊ अँपिअर लागतात. सहा अँपिअरचा छोटा सॉकेट असेल तर आधी वायरमन बोलवायला सांगा, शेगडी नंतर न्या म्हणावं.