हुंडा, पोटगी आणि मधले स्त्रीधन

हुंडा घेतला तर गुन्हा आणि पोटगी घेतली तर हक्क, म्हणजे कायदा एकाच बाजूचा, अशी तक्रार लग्नाच्या बैठकीपासून कोर्टाच्या आवारापर्यंत ऐकू येते. पोटगी म्हणजे उलटा हुंडाच, असेही बोलले जाते. या तक्रारीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: दोन्हींत फरक आहे तो फक्त दिशेचा, एकदा पैसा मुलीकडून मुलाकडे जातो आणि एकदा मुलाकडून मुलीकडे. पण कायदा दिशा पाहतच नाही. लग्नातील एका पक्षाने दुसऱ्याला लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर केव्हाही, लग्नाच्या संबंधात दिलेली किंवा द्यायचे कबूल केलेली मालमत्ता म्हणजे हुंडा, असे १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा म्हणतो. वर आणि वधू असा भेद त्या व्याख्येत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ नुसारही पोटगी पती किंवा पत्नी, कोणीही मागू शकते. शिक्षिका असलेल्या घटस्फोटित पत्नीने पतीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा नांदेडच्या न्यायालयाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायम केला तो याच तरतुदींच्या आधारे. तेव्हा खरा प्रश्न पैसा कशाबद्दल दिला जातो, हा आहे.

हुंडा ही लग्न जमण्याची किंवा टिकण्याची अट असते. देणाऱ्याची ऐपत किंवा घेणाऱ्याची गरज तिथे कोणी तपासत नाही. मुलाचे शिक्षण, नोकरी आणि शेती यांवरून आकडा ठरतो. म्हणून कायद्याने हा करारच रद्दबातल ठरवला आहे. घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही किमान ५ वर्षे कैद, नुसती मागणी केली तरी ६ महिने ते २ वर्षे, अशी शिक्षा आहे. मानपान, वरदक्षिणा, ‘तुमच्या मुलीसाठीच द्या’ अशी नावे दिल्याने काही बदलत नाही. न्यायालयांनाही ही व्याख्या पूर्ण रुंदीने वाचायला वेळ लागला. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात घरखर्चाला आणि खताला माहेरून पैसे आणायला सांगणे म्हणजे हुंडा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले होते. २०२२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने घर बांधायला मागितलेला पैसाही हुंडाच ठरवला. माझ्या मते दुसरा निर्णय कायद्याच्या हेतूला धरून आहे, कारण सासरची गरज खरी असली तरी ती भागवण्याचे ओझे सुनेच्या माहेरावर टाकण्याला आधार लग्न हाच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात ६,४५० हुंडाबळी नोंदले गेले आहेत. हा आकडा पाहता व्याख्या अरुंद ठेवणे परवडणारे नाही.

पोटगीचे गणित याच्या अगदी उलट चालते. तिथे आधी कोणी बोली लावत नाही; दोघांचे उत्पन्न, मालमत्ता, वागणूक आणि परिस्थिती पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगणे बंधनकारक केले. परिस्थिती बदलली तर रक्कम बदलते, पोटगी घेणाऱ्याने पुन्हा लग्न केले तर आदेश रद्द होऊ शकतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, हे धर्म न पाहता स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या पत्नीला दाद देते. मुस्लिम घटस्फोटितेलाही ते लागू असल्याचे २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले. शिकलेली बाई कमावू शकते, मग तिला पोटगी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. कमावण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष कमाई यांत अंतर असते, आणि ते अंतर बहुतेकदा लग्नातच पडते. मुलांसाठी किंवा नवऱ्याच्या बदलीसाठी दहा वर्षांपूर्वी सोडलेली नोकरी घटस्फोटाच्या दिवशी जागेवर थांबलेली नसते.

गोंधळ खरा होतो तो या दोन्हींच्या मधल्या पैशात. माहेरचे दागिने, आहेर, सासरच्यांनी अंगावर घातलेले सोने हे स्त्रीधन आहे आणि त्यावर मालकी फक्त तिची आहे. ते परत न देणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले. हुंडा कायद्याचे कलम ६ तर याही पुढे जाते: बेकायदा घेतलेला हुंडासुद्धा घेणाऱ्याचा होत नाही, तो तीन महिन्यांत तिच्या नावे करावा लागतो. तरीही परस्परसंमतीच्या घटस्फोटात काय लिहिले जाते? ‘स्त्रीधन, मागील, चालू आणि भविष्यातील पोटगी या सर्वांपोटी एकरकमी अमुक इतके रुपये.’ तिचेच सोने तिला पोटगी म्हणून मोजून दिले जाते, आणि बाहेर चर्चा होते की बाईने केवढा पैसा उकळला.

एकरकमी तडजोडीने कज्जा लवकर मिटतो, हे मी नाकारत नाही. वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा ते नक्कीच बरे. पण एकाच तडजोडीत स्त्रीधन, परत करायचा हुंडा आणि पोटगी असे तीन आकडे वेगळे लिहायला वेळ लागत नाही. हुंड्याची तक्रार सौद्यासाठी केली जाते, हा पुरुषांचा आक्षेपही काही प्रकरणांत खरा असतो. सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये लगाम घातला तो म्हणूनच. त्यावरही उपाय हाच आहे. प्रत्येक रकमेला स्वतःचा आधार द्यावा लागला तर गुन्ह्याच्या धाकाने पोटगी वाढवून घ्यायला जागा उरत नाही, आणि सोने दाबून ठेवून ती कमी करायलाही उरत नाही. प्रत्येक रकमेचा आधार असा तपासला की हुंडा म्हणजे मुलीचा वारसाहक्कच, हे जुने समर्थनही कोसळते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. तो वाटा तिच्या नावावर चढतो. हुंडा चढतो तो सासऱ्याच्या खात्यावर.

आपल्याकडे लग्न ठरताना याद्या करतात, कोणी काय द्यायचे ते लिहून दोन्हीकडची मंडळी सह्या करतात. हुंडा कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनीही यादीच मागितली आहे, पण ती वेगळी: न मागता मिळालेल्या प्रत्येक भेटीचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते, आणि खाली वर-वधूची सही. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. भेटींना हुंड्यातून मिळणारी सूट या यादीच्या अटीवरच आहे. लग्नाचा अल्बम जपून ठेवणाऱ्या घरांतही ही यादी क्वचितच सापडते, आणि पुढे कोर्टात तिचे दागिने किती होते हे त्या अल्बममधल्या फोटोंवरून सिद्ध करत बसावे लागते.