शून्य म्हणजे उघडं

ड्रायव्हरचा पॅच तपासायला आला की मी लिनक्स कर्नल दोनदा बिल्ड करते. एकदा नेहमीच्या कॉन्फिगने, आणि एकदा 'कर्नल हॅकिंग' मेनूत शिरून, 'लॉक डीबगिंग'खालचं 'प्रूव्ह लॉकिंग' चालू करून. त्या एका पर्यायाबरोबर स्पिनलॉक आणि म्युटेक्स यांच्या तपासण्याही आपोआप निवडल्या जातात. असा कर्नल संथ चालतो, मेमरी जास्त खातो, रोजच्या वापराला तो कोणी देत नाही. तरी ड्रायव्हरच्या बाबतीत माझा विश्वास त्याच्यावरच.

परवाच्या पॅचमध्ये प्रोब फंक्शन, म्हणजे उपकरण सापडल्यावर कर्नल जे चालवतो ते, असं रचलेलं होतं: शून्यांनी भरलेली मेमरी मागितली, इंटरप्टचा हँडलर नोंदवला, उपकरणाची रजिस्टरं भरली, आणि मग स्पिनलॉक इनिशिअलाइज केला. हँडलरचं पहिलंच काम तो लॉक घेणं. एकदा हँडलर नोंदवला की त्या क्षणापासून इंटरप्ट कधीही येऊ शकतो. प्रोब संपायची वाट तो पाहत नाही. पाहुणे आत घेऊन मग दाराला कडी बसवावी, तसा हा क्रम.

नेहमीच्या बिल्डवर मात्र ड्रायव्हर बिनतक्रार चालला. कारण एक्स८६वर मोकळ्या स्पिनलॉकची किंमत शून्यच असते. मेमरी शून्यांनी भरून मिळाली, म्हणजे लॉक न मांडताही मांडल्यासारखा दिसतो. हा निव्वळ योगायोग आहे. एचपीच्या पीए-रिस्क प्रोसेसरवर लॉकसाठी जी सूचना आहे ती मेमरीतला शब्द वाचते आणि तिथे शून्य ठेवते, म्हणून तिथे शून्य म्हणजे बंद. लॉक मांडण्याआधीच त्याच कोरवर इंटरप्ट आला, तर हाच ड्रायव्हर त्या यंत्रावर कायमचा फिरत राहील. उलट, एकाच कोरसाठी बिल्ड केलेल्या कर्नलमध्ये डीबगिंग बंद असेल तर स्पिनलॉकमध्ये काहीच उरत नाही, मग चूक दिसणार कुठून? म्युटेक्सची गोष्ट आणखी फसवी. शून्यातला म्युटेक्स एकट्याला सुखाने मिळतो. दुसरा आला आणि त्याला रांगेत झोपावं लागलं, की रांगेचे पॉइंटर रिकामे निघतात आणि कर्नल कोसळतो. चाचणीच्या टेबलावर एकाच माणसाने वापरून पाहिलं तर तसं सहसा घडत नाही.

एक्स८६वरही धोका संपलेला नाही. एका कोरवर हँडलरने लॉक घेतलेला असताना दुसऱ्या कोरवर प्रोबमधली ती उशिराची ओळ चालली, तर लॉक पुन्हा शून्य होतो. आत कोणी आहे ही खूणच पुसली जाते, आणि दोघे एकाच वेळी त्याच डेटावर लिहू लागतात.

ही फट काही मायक्रोसेकंदांची असते, पण ती कल्पनेतली नाही. क्रॅशनंतर केडंप दुसरा कर्नल सुरू करतो तेव्हा उपकरणं रीसेट झालेली नसतात, इंटरप्ट आधीच उठलेला असतो. मी तीच परिस्थिती मुद्दाम घडवली: उपकरण इंटरप्ट उठवत असतानाच ड्रायव्हर काढला आणि परत भरला. डीबग कर्नलने लगेच सांगितलं की नॉन-स्टॅटिक की नोंदवण्याचा प्रयत्न होतोय, कदाचित ही वस्तू वापरण्याआधी तुम्ही इनिशिअलाइज केली नसेल. जुन्या कर्नलांत हा 'कदाचित' नव्हता. कोड ठीक आहे, फक्त खुणेची भर घाला, असंच तिथे लिहिलेलं असे. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला असेल, याचं मला वाईट वाटतं.

हे बोलणारा, 'प्रूव्ह लॉकिंग'मागचा लॉकडेप २००६ साली इन्गो मोल्नार यांनी लिहिला, कर्नल २.६.१८मध्ये आला. तो प्रत्येक लॉक सुटा मोजत नाही. लॉक ज्या ओळीत इनिशिअलाइज होतो तिथे एक स्थिर 'की' दडलेली असते आणि तिच्या पत्त्यावरून लॉकचा वर्ग ठरतो. त्या ओळीवरून गेलंच नाही, तर लॉकला वर्ग नाही. पहिली तक्रार करून लॉकडेप रीबूट होईपर्यंत स्वतःला बंद करून घेतो, म्हणून एका बूटमध्ये एकच चूक हाती लागते.

क्रमाची ही अडचण खुद्द लॉकडेपलाही होती. बूटच्या सुरुवातीला त्याची कोष्टकं मांडून व्हायच्या आतच कोणी लॉक घेतला, तर 'आर्किटेक्चरच्या कोडने मला वेळेवर बोलावलं नाही' अशा अर्थाचा इशारा त्यात लिहिलेला होता. २०१६ साली ती कोष्टकं अशा याद्यांवर नेली की शून्य म्हणजेच तयार रिकामी यादी. मांडायची पायरीच गेली. इथेही शून्यच कामी आलं, पण ठरवून, आणि प्रत्येक प्रोसेसरवर सारखं.

पॅच परत पाठवताना लॉकची ओळ मेमरीच्या लगेच खाली घ्यायला सांगितली. दुरुस्त प्रोब शांतपणे पार पडलं, तेव्हा ड्रायव्हर काढण्याचा मार्ग वाचायला घेतला. हँडलर 'डेव्हएम' पद्धतीने नोंदवलेला आहे, म्हणजे रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतरच तो सुटणार, आणि हँडलर वापरतो तो बफर मात्र रिमूव्हमध्येच मोकळा केलाय. इंटरप्टची ओळ सामायिक असल्याने 'डीबग शेअर्ड आयआरक्यू' हा पर्याय इथे उपयोगी आहे: हँडलर सुटण्याच्या नेमका आधी कर्नल एक खोटा इंटरप्ट पाठवतो. पुढचं बिल्ड त्या पर्यायासह लावलं आहे.